अंग आंबणं वेगळं, मार लागणं वेगळं

आज आपण कुस्तीच्या तालमीचा इतिहास बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात कुस्ती कुठून आली, असं काही जणींना वाटेल. ती आपल्याच बैठकांमधून आली. हल्ली मुली कराटे, ज्युदो, लाठीकाठी शिकायला लागल्या आहेत. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांमधल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं, ते तीन महिन्यांचं असतं. तालुक्याच्या गावी खासगी क्लासही निघाले आहेत. मुलगी क्लासहून घरी येते, दंडावर काळानिळा डाग असतो, ओटा चढताना कण्हते. मग घरात दोन बाजू पडतात. एक म्हणते, बंद करा ते थेर, उद्या हातपाय मोडला तर लग्नाला अडचण. दुसरी म्हणते, सोसू द्या थोडं, आपण नाही का जन्मभर सोसलं?

आम्ही गटांच्या सहयोगिनी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या गावांत या दोन्ही बाजू ऐकतो. दोन्ही बायांचं मुलीवर प्रेमच असतं. पण दोघीही दुखणं म्हणजे एकच गोष्ट धरून चालतात. एकीला ते टाळायचंय, दुसरीला ते सोसायला लावायचंय. आपल्याकडच्या तालमीने मात्र शेकडो वर्षांपूर्वीच दुखण्याची वर्गवारी केली. कोणतं दुखणं चालेल, कोणतं नाही, कुठे थांबायचं आणि थांबवायचं कोणी, हे ठरवून दिलं. आपल्या दोन्ही बाजूंना त्यातून शिकता येईल.

आधी आपली भाषा बघा. कापूस वेचणीचा पहिला आठवडा आठवा. दुसऱ्या दिवशी कंबर धरते, मांड्या भरून येतात. आपण काय म्हणतो? अंग आंबलं. पाय वाकडा पडला तर म्हणतो मुरगळला. कमरेत अचानक धरलं तर उसण भरली. बैलाने ढुशी दिली, वर जखम नाही पण आत दुखतंय, तर तो मुका मार. गळू असेल तर ठणकतं, दाढेतून सणक जाते, पोटात कळ येते. तापात अंग मोडून येतं. इतके शब्द आपल्या आज्यांनी उगाच केले नाहीत. अंग आंबलेली बाई दुसऱ्या दिवशी शेतात जाते, पण पाय मुरगळलेली बसते, हे शहाणपण त्या शब्दांतच आहे. तालमीतला वस्तादही हेच शहाणपण चालवतो.

आता तालमीत जाऊ. तालीम म्हणजे पैलवान घडवायची जागा. मधे हौदा असतो, त्यात लाल माती. ही माती नुसती आणून टाकलेली नसते. ती चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. रोज पहाटे पैलवान फावड्याने तो हौदा खणतात. खणण्याने त्यांचा व्यायाम होतो आणि माती मऊ राहते. म्हणजे ज्या जागेवर माणसाला आपटायचं, ती जागा आधी स्वतःच्या हाताने मऊ करायची. आपण लिंपलेल्या अंगणात लेकराला चालायला शिकवतो, त्यातला प्रकार. मग जोर, बैठका, सपाट्या यांची मेहनत. त्यानंतर दोन पैलवान सरावासाठी भिडतात, त्याला लढत म्हणतात. लढत आणि मैदानातली कुस्ती यांत फरक आहे. मैदानात जिंकायचं असतं, लढतीत शिकायचं असतं. थोरला पैलवान धाकट्याशी लढत करतो तेव्हा सगळी ताकद लावत नाही. तो धाकट्याला डाव टाकू देतो, चुकला तर परत टाकायला लावतो. धाकट्याच्या अंगाची जबाबदारी थोरल्यावर असते. ती तो विसरला तर वस्ताद लढत सोडवतो.

कुस्तीचा निकाल कशावर लागतो तेही पाहा. समोरच्याची पाठ जमिनीला लागली की कुस्ती चितपट झाली, संपली. रक्त काढायची गरज नाही, हाड मोडायची गरज नाही. ठोसे मारायला, डोळ्यांत बोटं घालायला, गळा आवळायला मनाई असते. ताकदीचा एवढा मोठा खेळ, पण त्याचा शेवट कुणाला इजा करण्यात नाही. माती अंगावर टाकून, हात मिळवून सुरू होतो आणि हात मिळवूनच संपतो.

ही गोष्ट किती जुनी आहे? सुमारे ११३० साली कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ केला. हे कल्याणी म्हणजे मुंबईजवळचं कल्याण नव्हे, आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्या ग्रंथात मल्लांवर वेगळा भाग आहे. मल्लांच्या वयावरून आणि ताकदीवरून प्रती ठरवल्या आहेत. त्यांना कोणता आहार द्यायचा, कोणते श्रम करून घ्यायचे, ते सांगितलं आहे. वजन उचलायचं, चालायचं, पाण्यात उतरून मेहनत करायची आणि खांबावर कसरत करायची. नवशिक्याला जाणत्याशी थेट भिडवायचं नाही, आधी एकट्याने अंग तयार करायचं, ही रीत नऊशे वर्षांपूर्वीच बसलेली होती.

त्यातला खांब पुढे मल्लखांब म्हणून प्रसिद्ध झाला. ती गोष्ट आपल्या जवळच्या मुलखाशी जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात, म्हणजे १७९६ नंतरच्या वर्षांत, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले. आमच्याशी लढेल असा कोणी आहे का, म्हणून त्यांनी आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणाने ते घेतलं आणि तयारीला मुदत मागितली. सांगतात की तो वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसला. चैत्रात आपल्या खानदेशातून पायी दिंड्या जातात, तीच ही वणी. तिथे त्याला वानराच्या रूपात मारुतीने दर्शन दिलं, झाडाच्या खोडावरचे डाव दाखवले, आणि परत येऊन त्याने गुलाबाला हरवलं, अशी कथा आहे. दर्शनाचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. मल्लखांबाची विद्या नव्याने उभी करून ती पसरवली ती बाळंभटदादांनी, याबद्दल मात्र दुमत नाही.

मल्लखांबाचा उपयोग काय? खांबाला हवं तेवढं आवळा, मांडीत धरा, हवे तितके डाव टाका. खांबाला दुखत नाही आणि खांब उलटून मारत नाही. जोडीदाराला इजा न करता पूर्ण जोर लावायचा सराव खांबावर होतो. मग माणसाशी भिडताना हातात नेमकेपणा आलेला असतो. झाशीची राणी लहानपणी ब्रह्मावर्ताला होती, तिथे तीही मल्लखांब शिकली असं सांगतात.

शस्त्रांच्या खेळातही हाच विचार दिसतो. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ काही जणींनी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पाहिले असतील. त्यात फरी-गदका आहे. फरी म्हणजे कातडी ढाल, गदका म्हणजे कातडं चढवलेली काठी. तलवारीचे हात शिकायचे, पण तलवारीने नाही, गदक्याने. तसाच जुना खेळ बोथाटीचा. बोथाटी म्हणजे भाला, पण टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा. नावातच बोथट आहे. ज्यांना खऱ्या लढाईला जायचं होतं, मरणाची ज्यांना भीती नव्हती, त्यांनी सरावाचं हत्यार बोथट करून घेतलं. कारण सरावातच शिपाई जायबंदी झाला तर लढाईला जाणार कोण?

सगळं असंच मवाळ होतं असं मात्र नाही. वज्रमुष्टी नावाचा एक प्रकार होता. त्यात मल्ल हाताच्या मुठीत शिंगाचं टोकदार हत्यार घालून लढत. बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारी असल्या कुस्त्या होत. तिथे १८६० च्या दशकात आलेल्या रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने त्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. म्हैसूरच्या दसऱ्याला वज्रमुष्टी अजूनही होते. पण तिथेही डोक्यातून रक्त दिसलं की पंच ताबडतोब सोडवतात. सगळ्यात कठोर खेळालासुद्धा थांबायची खूण आहे.

पुढे त्याच बडोद्यात प्रोफेसर माणिकराव होऊन गेले. जुम्मादादांच्या आखाड्याचे ते वारसदार. शरीर कमावायला शिकवणारा हा माणूस मोडलेली हाडं बसवण्यासाठीही तितकाच प्रसिद्ध होता. व्यायाम शिकवणारा आणि दुखापत ओळखणारा एकच असायचा. आपल्या खेड्यांत आजही हाड बसवणारा बहुधा तालमीतला जुना पैलवान असतो, ते याच परंपरेतून. हाड मोडलं असेल तर आज एक्स-रे काढून डॉक्टरकडेच गेलं पाहिजे. पण शिकवणाऱ्याला दुखापत ओळखता आली पाहिजे, हा त्या परंपरेतला मुद्दा आजही खरा आहे.

आपल्या खानदेशात कुस्ती जिवंत आहे ती यात्रेत. चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा भरतात, बारागाड्या ओढतात आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल होते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग बक्षिसाच्या. गावातली जाणती माणसं दोन पोरांना शेजारी उभं करतात, दंड चाचपतात, उंची बघतात आणि मगच जोड लावतात. जोड बरोबरीची नसेल तर बघणारेच ओरडून हरकत घेतात. या मातीतून मोठे मल्लही निघाले. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. पुढे ते पोलीस खात्यात अधिकारी झाले.

बहिणींनो, या सगळ्या इतिहासात आपण कुठे होतो? दंगलीच्या दिवशी भाकरी थापत होतो. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बायकांना पाऊल ठेवू देत नव्हते. त्यामुळे मऊ माती, बरोबरीची जोड, सोडवणारा वस्ताद आणि बोथट हत्यार, यातलं काही आपल्यापर्यंत आलंच नाही. आपल्यापर्यंत फक्त सोसणं आलं. पुरुषाच्या दुखण्याला तालमीने नियम लावले, बाईच्या दुखण्याला कोणी नियम लावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते झाकून ठेवायला शिकवलं.

हे किती खरं आहे ते हमीदा बानूच्या गोष्टीतून कळतं. हमीदा बानू ही आपल्या देशातली पहिली नावाजलेली बाई पैलवान. उत्तर प्रदेशातली. अलीगढला सलाम पहिलवान नावाच्या उस्तादाकडे ती शिकली. १९४० आणि १९५० च्या दशकांत तिने देशभर कुस्त्या मारल्या, त्याही पुरुषांशी. वजन १०८ किलो, उंची पाच फूट तीन इंच. रोज सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं होतं. १९५४ साली तिने जाहीर केलं की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. त्या वर्षीच्या मे महिन्यात बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केलं. त्याच जागी आधी ठरलेल्या दुसऱ्या पैलवानाने, मी बाईशी लढणार नाही, म्हणून माघार घेतली होती. मुंबईत तिने वेरा चिस्टिलिन या रशियन बाईला मिनिटभरात हरवलं.

महाराष्ट्रात तिचं स्वागत कसं झालं? पुण्यात ठरलेली तिची कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. हौद्यातल्या मातीने तिला इजा केली नाही, बाहेरच्या दगडांनी केली. पुढे तिने युरोपात जाऊन लढायचं ठरवलं. तिला अडवण्यासाठी सलाम पहिलवानाने तिला मारहाण केली, तिचे हात मोडले, असं तिच्या नातवाने पुढे मुलाखतीत सांगितलं. नंतरचं आयुष्य तिने मुंबईजवळच्या कल्याणला काढलं, दुधाचा धंदा केला. १९८६ साली ती गेली.

या गोष्टीवर थोडं थांबू या. हमीदाने शेकडो वेळा अंगावर माणसं घेतली, आपटली, आपटून घेतली. ते दुखणं तिने स्वतः निवडलं होतं. त्याला वेळ होती, नियम होता, पंच होता, आणि शेवटी हातात हात होता. हात मोडले ते दुखणं तिने निवडलं नव्हतं. त्याला पंच नव्हता. दोन्ही वेळी शरीर तेच, समोर पैलवानच, तरी एक मेहनत होती आणि दुसरा जुलूम. सोसायची ताकद तिच्याकडे भरपूर होती. पण सोसायच्या ताकदीने तो दिवस टळला नाही. म्हणून ज्या बहिणी म्हणतात की मुलीला सोसायला शिकू द्या, त्यांना आमचं सांगणं आहे की क्लासमध्ये मुलीने शिकायची गोष्ट सोसणं ही नाहीच. कुठपर्यंत आपल्या मर्जीने आणि कुठून पुढे नाही, हे ओळखणं ती शिकते, आणि नाही तिथे मोठ्याने बस म्हणणं शिकते.

ही बस म्हणायची रीत जपानच्या ज्युदोत फार छान बसवली आहे. १८८२ साली टोकियोत जिगोरो कानो या शिक्षकाने ज्युदोची शाळा काढली. तिथे नव्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो पडायचा. डोकं न आपटता, हात जमिनीवर मारून कसं पडायचं, हे आधी शिकायचं, पाडणं नंतर. पकड असह्य झाली की जमिनीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारायची. थाप पडली की त्याच क्षणी पकड सोडायची, कारण विचारायचं नाही. थाप मारणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. कानोंनी मुलींनाही शिकवलं. त्यांच्या शाळेत १९२६ साली महिलांसाठी वेगळा विभाग सुरू झाला.

कराटेत दोन्ही टोकं आहेत. कराटे जपानभर पसरवणारे फुनाकोशी मोकळ्या झुंजीच्या विरोधात होते. हात ठरलेल्या क्रमाने घटवून घटवून पक्के करावेत, असं त्यांचं मत. उलट ओयामा यांनी क्योकुशिन नावाची शाखा काढली, त्यात खरेखुरे मार बसतात. पण त्यांच्या स्पर्धेतही हाताने तोंडावर ठोसा मारायला मनाई आहे. म्हणजे मवाळ असो की कडक, जी विद्या टिकली तिने रेघ आखलीच.

आपल्या देशात मुली उशिरा आल्या, पण आल्या. ऑलिम्पिकमध्ये महिलांची कुस्ती २००४ साली सुरू झाली. २०१६ साली साक्षी मलिकने रिओला कांस्यपदक आणलं. ऑलिम्पिकचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला पैलवान. त्याच स्पर्धेत विनेश फोगाटचा गुडघा लढतीत निकामी झाला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. तिने दात ओठ खात तसंच लढणं चालू ठेवलं नाही. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने विश्रांती आणि हळूहळू व्यायाम झाला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक घेतलं. विश्रांती घेतली म्हणूनच ते मिळालं. महाराष्ट्रात २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते. मधे बासष्ट वर्षं गेली.

त्याच २०२३ च्या जानेवारीत दिल्लीत जंतरमंतरवर साक्षी, विनेश आणि त्यांच्या सोबतिणी धरणं धरून बसल्या. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. निकाल कोर्ट देईल. आपल्याला त्यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. या मुलींनी गुडघे फोडून घेतले तेव्हा तक्रार केली नाही. पण जिथे रेघ ओलांडली असं त्यांना वाटलं, तिथे त्या गप्प बसल्या नाहीत. मेहनतीचं दुखणं आणि अन्याय यांतला फरक त्यांना नेमका कळला होता.

जुन्या तालमीतलं सगळंच घ्यावं असं आमचं म्हणणं नाही. पैलवानाचे सुजून घट्ट झालेले, दुमडलेले कान तुम्ही पाहिले असतील. तो मानाचा शिक्का समजतात. खरं तर कान सतत घासून, दबून आत रक्त साचतं आणि वेळेवर काढलं नाही तर कान तसाच घट्ट होतो. कानाला टोपडं बांधलं आणि सुजल्यावर लगेच डॉक्टर गाठला तर हे टळतं. तसंच ताज्या मुरगळीवर जोरात चोळायची रीत. सूज आलेल्या जागी पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी ठेवायची, पट्टी बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा.

आता मुलीच्या दंडावरच्या डागाकडे येऊ. नवा व्यायाम सुरू केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, दंड, पोट सगळीकडे सारखं दुखतं, चालल्या-फिरल्यावर मोकळं होतं आणि आठवड्यात जातं. हे अंग आंबणं. यात घाबरायचं काही नाही, हलका व्यायाम चालू ठेवायचा. हातापायावर एखादा डाग पडला, तो पिवळा पडून जातो, तेही चालतं. पण सांध्यात एकाच जागी कळ येते, सूज आहे, पाय टेकवत नाही, हात वर जात नाही, तर तो मार आहे, क्लास बंद आणि दवाखाना. डोक्याला लागलं आणि मग डोकं दुखतंय, चक्कर येते, उलटी झाली, मुलगी गोंधळल्यासारखी बोलते, तर त्याच दिवशी डॉक्टर. डॉक्टर हो म्हणेपर्यंत क्लासला पाठवायचं नाही, मग स्पर्धा उद्यावर आली असली तरी.

क्लासला पाठवण्याआधी दोघी-तिघी आयांनी मिळून एकदा जाऊन बघावं आणि पाच गोष्टी विचाराव्यात. खाली काय आहे, गादी, मऊ माती, की नुसती फरशी? जोड कशी लावता, वजन आणि वय बघून का? नव्या मुलीला पहिल्या महिन्यात झुंजीला उभं करता का? आधी पडायला आणि अंग तयार करायला शिकवलं पाहिजे. मुलीने बस म्हटलं तर काय होतं? लगेच थांबतात, की हसतात? आणि पाचवी, मुलींसोबत बाई शिक्षिका किंवा दुसरी मोठी बाई हजर असते का? शिकवणारा या प्रश्नांनी चिडला तर उत्तर मिळालं असं समजावं. चांगल्या वस्तादाला हे प्रश्न आवडतात, कारण तो रोज स्वतःला तेच विचारत असतो.

मुलीशी घरी बोलायचीही एक पद्धत ठेवा. दुखतं का, एवढंच विचारलं तर ती नाही म्हणेल, क्लास बंद होईल या भीतीने. कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून, आणि हे दुखणं कोणी दिलं, असं विचारा. चौथा प्रश्न सोडू नका. सरावात लागलं तर मुलगी सहज सांगते. सांगताना ती अडखळली, क्लासचं नाव काढलं की गप्प झाली, तर तिच्या बाजूने उभं राहा. लहान मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तो चौथा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, बहिणींनो. शेतातल्या कामाने अंग आंबतं ते वेगळं आणि घरात कोणी हात उगारला ते वेगळं. दुसऱ्याला आपण अंग आंबल्याच्या खात्यात लिहून मोकळ्या होतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ पासून लागू आहे. तालमीत वस्ताद सोडवतो, घरात सोडवायला हा कायदा आहे आणि आपला गट आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास काढा. गावात किती मुली क्लासला जातात, कोणाकोणाचा दुखापतीने सुटला, कोणी क्लास बघून आलं, याची नोंद करा. आपल्या पाच प्रश्नांत तुम्हाला सहावा घालावासा वाटला तर आकाशवेळेत आम्हाला कळवा, तो आपण पुढच्या भागात सगळ्यांना सांगू. आखाजीला लेकी माहेरी येतील, झोके बांधले जातील. त्यांनाही हे प्रश्न सांगून ठेवा.